टाके घालता घालता ऐकलेलं पुस्तक

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार

सकाळी ९३. संध्याकाळी ९२.

मेहकरच्या छातीच्या डॉक्टरनं सांगितलं, वही करा आणि रोज दोनदा आकडा लिहा. ह्यांच्या बोटाला चिमटा लावायचा, ऑक्सिजनचा लाल आकडा दिसतो. नव्वदच्या खाली गेला की फोन करायचा. मलिहानं वही आणली ती दोनशे पानांची. दोन आकड्यांना एवढी मोठी वही कशाला? ती म्हणे, अम्मी, उरलेल्या जागेत तुला काय वाटतं ते लिही. मला काय वाटायचंय? पण कोरं पान पाहवत नाही, म्हणून लिहिते.

मी कौसर, राहणार डोणगाव. मराठी शाळेत चौथीपर्यंत होते. घरात आम्ही अर्धी हिंदी अर्धी वऱ्हाडी अशी खिचडी बोलतो, पण लिहायला मला मराठीच येतं. आमचा धंदा गाद्या-रजयांचा. सासरा पिंजारी, त्याचा बाप पिंजारी. नवऱ्याचं नाव हैदर. तोंडानं घेत नाही, लिहायला काय जातं. चाळीस वर्षं त्यांनी कापूस पिंजला. आता छाती कडक झाली. डॉक्टर म्हणे, आतून वाळल्या स्पंजासारखी झाली, ती परत मऊ होत नाही, आहे तेवढी जपा. मी विचारलं, किती दिवस? त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही, कागदावर लिहीत राहिला. असली माणसं मला आवडत नाहीत. जे आहे ते तोंडावर सांगावं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

९३. ९३.

मलिहा आज अकोल्याला गेली. तिथं नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जाताना भिंतीवर कागद चिकटवला. धूळ नाही. धूर नाही. अगरबत्ती नाही. फोडणीचा ठसका नाही. पाहुण्यांची गर्दी नाही. कापसाचं काम बंद.

कापसाचं बंदच आहे. पिंजायचं यंत्र मी दसऱ्याच्या आधीच झाकून ठेवलं. पिंजलेला कापूस आता मेहकरहून गाठोड्यात येतो. खोळीत भरायचा, काठीनं सारखा करायचा आणि टाके घालायचे, एवढंच माझ्याकडं. त्यात हे कुठं येतात?

ऑक्सिजनचं मशीन आतल्या खोलीत ठेवलंय, नाकाला नळी. दिवसभर घर्रर्र घर्रर्र. मागच्या बाजूला एक जाळी आहे, ती दर रविवारी काढून धुवायची. मलिहा मला शिकवायला लागली. मी म्हटलं, मी त्याले हात नाही लावणार, काही मोडलं तं कोण निस्तरीन? तर हे म्हणाले, "राहू दे. ते काम माझं. पडल्या पडल्या तेवढं तं करीन."

त्यांच्या फोनमध्ये तिनं एक पुस्तक घालून दिलं. वाचायचं नाही, ऐकायचं. एक बाई वाचून दाखवते. मी म्हटलं, घरात एक बोलणारी बाई पुरत नाही का?

१७ ऑक्टोबर, गुरुवार

९२. ९३.

ह्यांना बोलू द्यायचं नाही असं सांगितलंय. आधी कामाच्या शेडात बसून रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला हाका मारून चहाला बसवायचे. मी चिडायचे, चहा काय नळाला येतो? आता एका वाक्यात तीनदा थांबतात. माझा जीव वर येतो, मी त्यांचं वाक्य मध्येच पुरं करते, ते चुकीचं असतं, मग ते हातानं नाही म्हणतात. असा दिवस जातो.

आज दुपारी त्यांनी ते पुस्तक लावलं. मी भाकरी टाकत होते. एक सगुणा नावाची बाई आहे, कोकणात खाडीवर होडी चालवते. नवरा जहाजावर गेला तो आलाच नाही. वाचणारी बाई असली गोड बोलते की गळ्यात साखर धरल्यासारखी. मशीनच्या घरघरीत अर्धं कळेना. मी तव्यावरून ओरडले, "काय म्हणे? कोण बुडालं?" त्यांनी बोट तोंडावर ठेवलं. मला! सत्तावीस वर्षांत मला कुणी गप्प केलं नव्हतं.

भाकरी करपली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

९२. ९२.

शेडात काम करता येईना. ती बाई आत बोलते आणि मी बाहेर बसून तर्क करते. दोनदा दोरा सोडून आत गेले. हे म्हणतात, तू येते आणि मधीच विचारते, माझं पुढचं जाते. मग मी म्हटलं, असं कर कौसर, गादीच आत ने.

आत नेली. त्यांच्या बाजेच्या बाजूला सतरंजी, त्यावर गादी, त्यावर मी. आता अक्षर न् अक्षर ऐकू येतं. हातही चालतात. नुसतं मांडीवर हात ठेवून बसायला मी काय कोणाची पाहुणी आहे?

ह्यांनी गादीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "बोलू नका. डॉक्टरनं सांगतलं." मग हसले. नळी लावलेला माणूस हसला की कसंतरी दिसतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

९१. ९०.

मलिहाचा फोन आला, चित्रवाला. "अब्बा, जाळी धुतली?" हे म्हणाले, चकाचक. मग मला, "अम्मी, घरात धूळ नाही ना?" मी म्हटलं, दिवसातून दोनदा ओल्या कापडानं फरशी पुसते, तुझ्या दवाखान्यात तरी पुसतात का एवढी? खोटं काय सांगायचं त्यात. पुसतेच.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

८९. ८७.

फटाके. सगळ्या खिडक्यांना ओली चादर लावली तरी धूर शिरला. डॉक्टरला फोन केला, तो म्हणे मशीन अर्धा लिटर वाढवा. वाढवलं.

कोणाला काय म्हणणार, सण आहे त्यांचा. पण मनात सगळ्यांना शिव्या दिल्या.

९ नोव्हेंबर, शनिवार

९०. ८९.

प्रचाराच्या गाड्या दिवसभर. सगुणाच्या होडीत एक सरकारी साहेब बसला, काहीतरी कागद आणलाय तिच्या नवऱ्याचा, एवढ्यात बाहेर भोंगा आला. ताई-माई-अक्का. मी दारात जाऊन ओरडले, "आजारी माणूस आहे घरात, पुढं व्हा बे!" पोरगा भोंग्यातच म्हणाला, सॉरी मावशी. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

नारायणराव आले होते. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. नातीचं, मयुरीचं, लग्न डिसेंबरात. दोन गाद्या, चार उशा, दोन रजया. दारातच खुर्ची टाकून बसले, भिंतीवरच्या कागदात लिहिलंय म्हणून आत आले नाहीत. भला माणूस. पुस्तक चालू होतं, तेही ऐकत बसले. साहेबानं सगुणाला सांगितलं की जहाज बुडालं, नवरा मेला, अंगठा दे. ती म्हणे, प्रेत दाखवा मग अंगठा देते.

मी म्हटलं, "येडी आहे. अंगठा देऊन मोकळं व्हायचं. वाट पाहून कोणी येते का?"

नारायणराव म्हणाले, "कौसरबाई, तुम्ही असत्या तर?"

"म्या होडीच इकली असती."

हे खाटेवरून म्हणाले, "खोटं... बोलते. हिनं... साहेबाले... पाण्यात ढकललं असतं."

नारायणराव इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. ह्यांना मात्र हसल्यावर जी ढास लागली ती पाव तास. मी पाठ चोळली. हे तोंडावर रुमाल धरून बसले. मग म्हणाले, लाव पुढचं.

खरं लिहायचं तर असा दिवस पूर्वी आमच्या घरात नव्हता. हे शेडात, मी चुलीपाशी. जेवताना काय ते बोलणं, तेही भांडण. आता दोघं एकाच बाईचं ऐकतो आणि तिच्यावरून भांडतो. आपल्यावरून भांडण्यापेक्षा ते बरं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

८८. ८५.

आज समजलं आकडा काऊन पडतो. हे पुस्तकच कारण.

सगुणाची होडी उलटली. तिच्यासोबत होडीत शेजारणीची लहान पोरगी होती, ती वाहून गेली. वाचणारी बाई रडव्या आवाजात सावकाश सांगत होती. मी रजईला काठी मारत होते, हात थांबले नाहीत, रागानं उलट जोरात चालले. तोच ह्यांचा श्वास चढला. ओठ निळे. चिमटा लावला तर ८१. डॉक्टरला फोन लावून मशीन वाढवलं, बसतं केलं, अर्ध्या तासानं ८५ वर आलं.

गोष्टीची धास्ती घेतली ना! नाजूक माणसाला असलं ऐकवतात का? मलिहाला फोन करून झापलं. दुसरं काही हसायचं पुस्तक नव्हतं का? ती म्हणे, अम्मी, पुस्तकानं ऑक्सिजन नाही पडत. शिकली म्हणून सगळं कळतं का? मी समोर होते, ती नव्हती.

मी ठरवलं, आता रडायचे भाग सोडून द्यायचे. आधी मी एकटी ऐकणार, मग चांगले तेवढे ह्यांना. हे ऐकेनात. म्हणाले, "मधलं सोडून... काय कळते? सगळं लाव." मी म्हटलं, "जीव जाईन तुमचा." म्हणाले, "त्यानं... नाई जाणार."

त्यानं नाही म्हणे. मग कशानं?

२ डिसेंबर, सोमवार

८७. ८५.

थंडी पडली. बानो आपा आल्या, ह्यांची मोठी बहीण. सोबत दम केलेलं, दुवा पढून फुंकलेलं पाणी आणि दुनियेभरचा सल्ला. मला पाहिल्या पाहिल्या म्हणतात, "काऊन वं कौसर, महिन्याभरात डोकं पिकलं तुझं?" मी हात लावला तर केसात रुई. भुवयांवर पण. मलाच हसू आलं.

"आणि हा काऊन तोंड बांधून बसला? डाकू आहे का?"

हे हल्ली नळीवरून रुमाल बांधून बसतात. म्हणतात थंडी वाजते. भिंतीकडं तोंड करून ऐकतात. मी म्हटलं, आपा, तुमच्या भावाले नवरीसारखी लाज येऊन राह्यली. आपांनी पाणी पाजलं आणि म्हणाल्या, नजर लागली, लोक म्हणतात म्हातारपणी दोघं नवरा-बायको दिवसभर कोंडून घेऊन गाणी ऐकतात. मी म्हटलं, लोकाइले सांगा, गाणी नाही, होडी आहे.

त्या गेल्यावर संध्याकाळचा आकडा पडला. त्यांचीच नजर असंल.

१४ डिसेंबर, शनिवार

८६. ८४.

मयुरीचा माल झाला. दोन गाद्या, चार उशा, दोन रजया. एकटीनं केल्या. नारायणराव टेम्पो घेऊन आले. म्हणाले, टाका असा की मशीनचा वाटावा. ह्यांनी खाटेवरूनच एका गादीवर हात फिरवला, कडेचा टाका अंगठ्यानं दाबून पाहिला. मान हलवली. ह्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. लग्न झालं तेव्हा माझा पहिला टाका ह्यांनी उसवून परत घालायला लावला होता.

पुस्तकही आजच संपलं. सेहेचाळीस भाग. नवरा आलाच नाही. सगुणा म्हातारी होते आणि एक दिवस होडीत स्वतःच प्रवासी म्हणून बसते, दुसरं कोणी वल्हवतं. बस. मी म्हटलं, हा काय शेवट झाला? एवढे दिवस ऐकलं ते यासाठी?

हे म्हणाले, "पहिल्यापासून... लाव."

"आता काऊन? आखरी तं माहीत झाली."

"म्हणूनच. आता... धास्ती नाई."

लावलं. आणि नारायणरावांच्या ओळखीनं चिखलीच्या एका घरचं काम आलं, तेही आत घेतलं.

२३ डिसेंबर, सोमवार

८३. ८१.

डॉक्टर म्हणे मोठ्या दवाखान्यात न्या. हे म्हणतात, मलिहाची परीक्षा होऊ द्या.

काल दुपारी मी पाणी भरून आले तर हे खाटेच्या कडेला वाकलेले, हात मशीनच्या मागं. तसेच अडकून बसलेले, वरही येता येईना. मी ओरडले, "काय शोधता तिथं? मले आवाज देता येत नाही?" उचलून सरळ केलं. घामानं भिजलेले. म्हणाले, काई नाई, चष्मा पडला. चष्मा उशीपाशी होता.

वजन किती उतरलंय. मी एका हातानं उचललं.

५ जानेवारी २०२५, रविवार

७९.

मलिहा आली. न सांगता आली, परीक्षा काल संपली. दारात चपला काढल्या आणि तशीच उभी राहिली. खोलीत मी, माझ्यापुढं अर्धी भरलेली गादी, हातात काठी. फोनवर सगुणा. खाटेवर तिचे अब्बा, तोंडाला रुमाल.

ती सरळ आत आली. मशीनपाशी गेली. मागची जाळी ओढली. जाळी दिसतच नव्हती. पांढरा थर बसला होता, बोटाएवढा जाड. नवी रजई उसवली की कापूस जसा एकत्र येतो तसा तो तिच्या हातात अख्खा निघाला.

तिनं तो माझ्यापुढं धरला. "अम्मी, हे काय आहे?"

मी म्हटलं, "रुई."

"कुठून आली?"

आता कुठून येणार.

मग ती ओरडली. काय काय बोलली ते मी लिहीत नाही. भिंतीवरचा कागद फाडून माझ्या मांडीवर टाकला. कापसाचं काम बंद, वाच, वाचता येते ना तुले? मी म्हटलं, मी पिंजलं का? मी टाके घालत होते. कापूस काय धूळ आहे का? कापूस अंगावर घेतो आपण, बाळाला कापसात ठेवतो, जखमेवर कापूस लावतो. धूळ वेगळी. माझे शब्द मलाच ऐकू येत होते आणि ते बंद होत नव्हते. या कापसावर तू मोठी झाली, असंही म्हटलं. ती म्हणाली, "आणि अब्बा मरून राह्यले त्याच्यावर."

हे खाटेवरून हात हलवत होते. आम्हाला वाटलं पाणी पाहिजे. म्हणाले, "भांडू... नका. ऐकू... येत नाई."

६ जानेवारी, सोमवार

अ‍ॅम्ब्युलन्सनं अकोला. आकडा आता तिथले लोक लिहितात.

१५ जानेवारी, बुधवार

मला एक दिवसासाठी घरी पाठवलं. तिथली डॉक्टर बाई आहे, ती तोंडावर सांगते. म्हणाली, आम्ही आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या, त्यांना घरीच जायचंय, खोली साफ करून घ्या. मी तिला विचारलं, कापूस नसता आला तर किती दिवस? ती म्हणाली, आजार तोच होता, वाचले नसते. काही महिने जास्त मिळाले असते, एखादं वर्ष कदाचित. एखादं वर्ष. मला वाटलं नसतं विचारलं तर बरं.

घरी येऊन सगळं बाहेर काढलं. गाठोडी, खोळी, काठी, दाभण, सगळं शेडात टाकून कुलूप. चिखलीचं काम परत पाठवलं. भिंती पुसल्या. छताच्या वाशांवर पण रुई होती, कोळिष्टकासारखी लोंबत. मी रोज फरशी पुसत होते. वर पाहिलंच नाही कधी.

मग त्यांची उशी बदलायला घेतली. खोळ काढली तर आत काहीतरी वेगळं लागलं. आमचा कापूस मी डोळे मिटून ओळखते, हा तो नव्हता. हात घालून काढलं. राखाडी चौकोनी तुकडे, दाबून चपटे केलेले, एकावर एक. सगळे एकाच मापाचे. त्या जाळीच्या मापाचे.

आठ होते. मी वहीत रविवार पाहिले. गादी आत आणली त्याच्या नंतरच्या रविवारपासून ते वाकता येईना तिथपर्यंत. आठच होतात.

तिथंच खाली बसले. शेजारीण दोनदा येऊन गेली म्हणे.

१९ जानेवारी, रविवार

आणलं घरी. मलिहा औषधं आणायला गेली तेवढ्यात मी दार लावलं आणि ते आठ तुकडे त्यांच्या छातीवर ठेवले. मला घोळवून बोलता येत नाही.

"तुम्हाले माहीत होतं."

डोळ्यांनी हो म्हणाले.

"पहिल्या हप्त्यापासून."

हो.

"मंग सांगतलं काऊन नाही? मले काय, मी गादी उचलून शेडात गेली असती!"

बराच वेळ श्वास गोळा केला. मी यावेळी वाक्य पुरं केलं नाही. म्हणाले, "हाव. गेली... असती."

मी म्हटलं, "मंग?"

"मंग काय. तू रिकामी... बसत नाई. काम बाहेर... तं तू बाहेर."

मला असा राग आला. उभ्या जन्मात कोणावर आला नसेल असा. मी म्हटलं, "मूर्ख माणूस आहे तुम्ही. एका शब्दानं म्हणायचं ना, बस म्हणून. मी बसली असती."

मग म्हणाले, "सत्तावीस... सालात... बसली का?"

मलिहाच्या चपला वाजल्या. त्यांनी ते तुकडे चादरीखाली ओढले, जेवढा जोर होता तेवढ्यानं. आणि मला मान हलवून नको म्हणाले. तिला नको.

दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. ही ओळ मागाहून लिहिते, आता वाटतं तो दिवस परत द्या. पण त्या दिवशी नव्हतं वाटत. चीड होती. अजून आहे.

२२ जानेवारी, बुधवार

६८.

खाटेपाशी बसले. काही न करता. हात कुठं ठेवायचे कळत नाही. मांडीवर ठेवले की पदराचा दोरा ओढायला लागतात. शेवटी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. सगुणा चालू होती, दुसऱ्या वेळेची, साहेब कागद घेऊन येतो तो भाग. एक शब्द डोक्यात शिरला नाही. काम करताना सगळं ऐकू यायचं. नुसतं बसून मला ऐकूच येत नाही.

हे ऐकत होते की नाही कोण जाणे. एकदा डोळे उघडून माझ्या हातांकडं पाहिलं. हात मांडीखाली पाहून त्यांना हसू आलं असावं. आलं असावं असं मी म्हणते.

२५ जानेवारी, शनिवार

चिमटा लावत नाही आता. मलिहा म्हणाली, राहू दे अम्मी.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सत्तावीस तारखेला सकाळी, फजरच्या अजाननंतर गेले. मलिहा कुराणातली यासीन पढत होती. मी पाणी गरम करायला उठले होते. तेवढ्यात. परत कामालाच उठले होते.

इद्दतीत बसले आहे. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरातून निघायचं नाही. बायका येतात. बानो आपा रोज येतात, म्हणतात अल्लाहची मर्जी, तेवढीच होती. मी म्हटलं, आपा, तेवढी नव्हती. मी कमी केली. कापूस मी आत आणला.

आपांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "चूप बस. आमचे अब्बा यातच गेले. अब्बाचे अब्बा, आमचे दादा, यातच. कापूस आपली रोटी आहे, रोटीले नाव नको ठेवू." मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, माझ्या भावजयीनं काय सेवा केली, चार महिने पलंगाजवळून हलली नाही. बायका हो हो म्हणाल्या. एकीनं माझा हात चुंबला.

कोणीतरी मला एक थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्यांच्या फोनवर ते पुस्तक लावून पाहिलं. ती बाई त्याच गोड आवाजात तेच सांगत होती, कोणी गेलं-आलं तिला काय त्याचं. भांडायला कोणी नाही मग नुसती गोष्ट काय ऐकायची. बंद केलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

मलिहा आज अकोल्याला गेली. कॉलेजनं जास्त सुट्टी दिली नाही.

इतक्या दिवसांत ती मला वाईट बोलली नाही. जेवण वाढते, औषध देते, माझे पाय दाबते, डोळ्यात पाहत नाही. काल रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाली, अब्बांनी दर रविवारी मला सांगितलं जाळी धुतली, चकाचक. ते खोटं बोलत होते की त्यांना वाकता येत नव्हतं? मी विचारायला पाहिजे होतं. मी दाखवा म्हणायला पाहिजे होतं. मी नर्स होणार आहे म्हणे, आणि माझ्या बापाची जाळी मला दिसली नाही.

मी तुकडे दाखवू शकले असते. आठही माझ्या पेटीत आहेत. एक शब्द सांगितला असता, तुझ्या बापाला सगळं माहीत होतं, तर माझ्यावरचं अर्धं उतरलं असतं. ते जाऊन तिच्या बापावर बसलं असतं. जन्मभर तोंडात आलं ते बोलणारी मी. जीभ दातांत धरून ठेवली.

मी म्हटलं, "तुझी गलती नाही. त्यांची पण नाही. जाळी ते धूतच होते. जोर होता तोवर धुतली."

सकाळी बॅग घेऊन दारात उभी राहिली. जाऊ की नको असं करत होती. मग मागं न वळताच म्हणाली, "अम्मी, तुले कळाले पाहिजे होतं."

"हाव," मी म्हटलं. "मले कळाले पाहिजे होतं."

ती तशीच उभी होती, मी आणखी काही बोलेन म्हणून. ती मला ओळखते, मी एवढ्यावर कधी थांबत नाही. थांबले.

मग तिनं बॅग उचलली. मी उंबऱ्यापर्यंत गेले. त्याच्या पुढं जायला मला अजून पावणेचार महिने आहेत.